अंगठा तोंडात : कधी थांबावे, कधी थांबवावे

घरी पाहुणे आलेले असतात. पाच वर्षांची मुलगी आईच्या आड उभी राहते आणि नकळत तिचा अंगठा तोंडात जातो. कोणी हसते, कोणी ‘एवढी मोठी झालीस आणि अजून?’ असे म्हणते. मिरची लावून बघा म्हणून कधीपासून सांगते आहे, याची आजी आठवण करून देते. मुलगी अंगठा काढते आणि पाहुणे गेले की पुन्हा तोंडात घालते. बहुतेक घरांत या गोष्टीकडे दोनच प्रकारे पाहिले जाते. एक तर ‘मोठी झाली की सुटेल’ म्हणून ती सोडून दिली जाते, नाही तर वाईट खोड म्हणून मोडून काढायचा प्रयत्न होतो. दोन्ही मतांत तथ्य आहे. मात्र कोणत्या वयाला कोणते मत लागू पडते, हे ठाऊक नसल्यामुळे दीड वर्षाच्या मुलाला धाक घातला जातो आणि सहा वर्षांच्या मुलाकडे दुर्लक्ष होते. व्हायला हवे ते नेमके उलट.

चोखणे ही मुळात सवय नव्हेच. ती जन्माआधीच सुरू होणारी क्रिया आहे. सोनोग्राफीच्या पडद्यावर पोटातले बाळ अंगठा चोखताना दिसते, हा अनुभव आज अनेक आईवडिलांनी घेतलेला असतो. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील पीटर हेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भावस्थेत अंगठा चोखताना दिसलेल्या ७५ मुलांना ती १० ते १२ वर्षांची झाल्यावर पुन्हा गाठले. पोटात असताना उजवा अंगठा चोखणारी ६० मुले होती. ती सगळीच्या सगळी उजव्या हाताने कामे करणारी निघाली. डावा अंगठा चोखणाऱ्या १५ मुलांपैकी १० डावखुरी झाली होती. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीचा विषय डावे-उजवेपण हा होता. पण ज्या कृतीला घरात ‘लागलेली खोड’ म्हणतात, ती बाहेरून लागलेली नसते, हेही तिच्यातून दिसते.

आपल्या पुराणांनी हे निरीक्षण फार पूर्वी केलेले आहे. प्रलयाच्या पाण्यात वडाच्या पानावर पहुडलेले, पायाचा अंगठा चोखणारे बाळ मार्कंडेय ऋषींना दिसते आणि तोच बालमुकुंद पुढे तसबिरींतून घरोघरी पोहोचतो. महाभारतातील मांधात्याची कथा तर याच विषयाची म्हणावी लागेल. युवनाश्व राजाच्या पोटातून जन्मलेल्या त्या बाळाला आई नाही; मग ते पिणार काय? इंद्र आपले बोट त्याच्या तोंडात देतो. ‘हा मला पिईल’ अशा अर्थाच्या त्याच्या उद्गारावरूनच बाळाला मांधाता हे नाव पडले, असे कथा सांगते. त्या दैवी बोटातून पोषण मिळत होते. माणसाच्या अंगठ्यातून ते मिळत नाही. तरीही बाळ तो चोखते. ते का, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर चोखण्याच्या लयीत सापडते. अंगावर पिणारे बाळ साधारण सेकंदाला एकदा चोखते, कारण प्रत्येक घोट गिळायचा असतो आणि मधे श्वासही घ्यायचा असतो. काहीच न मिळता नुसते चोखताना हा वेग सेकंदाला दोनच्या आसपास जातो, आणि थोड्या थोड्या वेळाने बाळ विसावा घेते. हे दुसऱ्या प्रकारचे चोखणे भुकेसाठी नसते, शांत होण्यासाठी असते. डोळे जड होतात, हातपाय सैल पडतात. नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागात या गुणाचा उपयोगही केला जातो. कमी दिवसांच्या बाळांना नळीतून दूध द्यावे लागते. त्या वेळी त्यांना नुसते चोखू दिले तर ती तोंडाने पिण्याची क्रिया लवकर आत्मसात करतात आणि घरीही लवकर जातात, असे अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो. सुई टोचण्याआधी चोखायला दिले तर बाळ कमी रडते, हेही डॉक्टरांच्या नित्य अनुभवाचे आहे.

असे असूनही अंगठा चोखण्यामागे काही विकृती असावी, ही समजूत युरोपात दीर्घकाळ टिकली. हाइनरिश हॉफमन या जर्मन डॉक्टरांनी १८४५ साली छापलेल्या, मुलांच्या एका अतिशय गाजलेल्या पुस्तकात अंगठा चोखणाऱ्या मुलाचे दोन्ही अंगठे शिंपी मोठ्या कात्रीने छाटून टाकतो. बुडापेस्टचे बालरोगतज्ज्ञ लिंडनर यांनी १८७९ मध्ये या सवयीवर सविस्तर लिहिले, त्याचा आधार घेऊन फ्रॉइड यांनी १९०५ मध्ये तिचा संबंध लैंगिकतेच्या उगमाशी जोडला, आणि पालकांच्या भीतीला शास्त्राचा मुलामा मिळाला. विसाव्या शतकाच्या आरंभी पाश्चात्त्य देशांत तान्ह्या मुलांच्या हातांत अडकवायचे ॲल्युमिनियमचे मोजेही विकले जात. आपल्याकडची मिरची त्या मानाने सौम्य म्हणायची! आज बालरोगतज्ज्ञांत या बाबतीत वाद उरलेला नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत अंगठा चोखणे हा मनाचा आजार नाही, आईच्या मायेत काही कमी पडल्याची खूणही नाही. बहुसंख्य मुले २ ते ४ वर्षांच्या दरम्यान ती सवय आपण होऊन सोडतात. त्या वयात मुलाला बोलता येऊ लागते, हातांना इतर उद्योग मिळतात आणि स्वतःला शांत करण्याचे इतर मार्गही सापडतात.

मग काळजी कशाची करायची? मुख्यतः दातांची, आणि इथे थोडे खोलात जायला हवे, कारण दात ‘वाकडे होतात’ एवढे सांगून पालकांना काहीच कळत नाही.

दात हाडात खिळ्यासारखे ठोकलेले नसतात. आतून जीभ आणि बाहेरून ओठ व गाल यांच्या दाबांच्या समतोलात ते आपली जागा धरून असतात. अंगठा तोंडात गेला की हा समतोल तीन ठिकाणी बिघडतो. अंगठ्याचे टोक वरच्या पटाशीच्या दातांना मागून पुढे रेटते आणि त्याचे मूळ खालच्या दातांना आत ढकलते, त्यामुळे वरचे दात पुढे येतात आणि खालचे मागे झुकतात. दातांच्या दोन ओळींमध्ये अंगठा असल्याने पुढच्या दातांना पूर्ण वाढून एकमेकांपर्यंत पोहोचता येत नाही. मागच्या दाढा मिटल्या तरी पुढे फट राहते. तिसरा परिणाम सहज दिसत नाही, पण तो अधिक चिवट असतो. अंगठ्यामुळे जीभ खाली दबून राहते, वरच्या दाढांना आतून मिळणारा तिचा आधार जातो, आणि चोखताना आत ओढले जाणारे गाल त्या दाढांना बाहेरून दाबत राहतात. परिणामी टाळू अरुंद व खोल होत जातो आणि वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आतल्या बाजूला बसू लागतात.

हे सर्व प्रत्येक मुलाच्या बाबतीत घडत नाही. नुसता अंगठा तोंडात ठेवून स्वस्थ बसणारे मूल वेगळे आणि गाल खपाटीला जातील, चुकचुक आवाज येईल इतक्या जोराने चोखणारे मूल वेगळे. त्याहूनही महत्त्वाचा मुद्दा तासांचा आहे. दात सरकवण्यासाठी फार मोठ्या जोराची गरज नसते. हलका दाबही दिवसातून सुमारे सहा तास मिळाला तर पुरतो, असे दंतरचनाशास्त्र मानते. म्हणजे दिवसा चारचौघांत दोन-चार वेळा अंगठा तोंडात घालणाऱ्या मुलापेक्षा रात्रभर अंगठा तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलाचे दात अधिक धोक्यात असतात. पालक मात्र ओरडतात ते दिवसाच, कारण रात्री पाहुणे नसतात.

वयाची मर्यादाही याच दातांनी ठरवलेली आहे. खालचे कायमचे पटाशीचे दात साधारण ६ ते ७ व्या वर्षी येतात, वरचे ७ ते ८ व्या वर्षी. त्याआधी सवय सुटली तर दुधाच्या दातांतली पुढची फट पुष्कळदा कोणत्याही उपचाराविना भरून येते. अरुंद झालेला टाळू मात्र इतक्या सहजी पूर्ववत होत नाही. म्हणून चौथ्या वर्षापर्यंत धीर धरावा, चौथ्यानंतर शांतपणे प्रयत्न सुरू करावेत आणि कायमचे दात येण्यापूर्वी सवय सुटलेली असावी, हा क्रम डॉक्टर सांगतात. पालकांना घरच्या घरी काही खुणा पाहता येतात. मुलाने मागचे दात घट्ट मिटले असता पुढे जिभेचे टोक दिसते का? पोळीचा किंवा आंब्याच्या फोडीचा तुकडा ते पुढच्या दातांनी तोडते, की तोंडाच्या कडेने? एका अंगठ्याचे नख इतरांपेक्षा स्वच्छ, चपटे आणि कातडी सुरकुतलेली वा घट्टा पडलेली आहे का? यांपैकी एखादी खूण दिसली तर दंतवैद्याकडे जायला सहावे वर्ष उजाडण्याची वाट पाहू नये.

पुढे फट राहिलेल्या काही मुलांच्या उच्चारांवरही परिणाम होतो. ‘स’ म्हणताना जीभ दातांच्या बाहेर डोकावते आणि हवा निसटते. ‘चूल’ आणि ‘जहाज’ या शब्दांतील खास मराठी ‘च’ व ‘ज’ यांच्यासाठीही जिभेचे टोक दातांच्या मागे नेमके टेकावे लागते, तेव्हा त्या वर्णांकडेही लक्ष असावे. अंगठ्याला नखुरडे होणे, कातडी फुटून जंतुसंसर्ग होणे, मातीत खेळलेल्या हातांमधून जंतांची अंडी पोटात जाणे हे त्रास वेगळे. गंमत म्हणजे याची दुसरी बाजूही नोंदली गेली आहे. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजाराहून अधिक मुलांचा पाठपुरावा करणाऱ्या प्रसिद्ध अभ्यासात १३ व्या वर्षी त्वचेवर ॲलर्जीची चाचणी घेतली. अंगठा चोखणे आणि नखे खाणे या दोन्ही सवयी असलेल्या मुलांपैकी ३१ टक्के मुलांत ॲलर्जीची प्रवृत्ती आढळली; कोणतीच सवय नसलेल्यांत हे प्रमाण ४९ टक्के होते. दमा किंवा सर्दी-शिंकांच्या त्रासात मात्र फरक नव्हता. यावरून कोणी अंगठा चोखायला उत्तेजन द्यावे असे नाही. संशोधकांनीही तसे म्हटलेले नाही.

दातांइतकीच गंभीर, पण घरात कमी बोलली जाणारी बाब म्हणजे मुलाची अप्रतिष्ठा. अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिलीच्या मुलांना सात वर्षांच्या एका मुलाची आणि एका मुलीची छायाचित्रे दाखवली होती : काहींत अंगठा तोंडात, काहींत नाही. चेहरे तेच होते, तरी अंगठा तोंडात असलेल्या छायाचित्रातील मुलाला वर्गमित्रांनी कमी हुशार, कमी आनंदी ठरवले आणि मित्र म्हणूनही त्याला कमी पसंती दिली. शाळेत हे असे चालते. त्यात घरच्यांनीही भर घातली, तर मुलाला धीर देणारी एकच वस्तू उरते, आणि ती असते तोंडातला अंगठा.

चोखणीची, म्हणजे पॅसिफायरची, गोष्ट थोडी वेगळी आहे. युरोपात साखर किंवा भाकरीचा चुरा बांधलेली कापडाची पुरचुंडी बाळाला चोखायला देण्याची जुनी रीत होती. आल्ब्रेख्त ड्यूररच्या १५०६ सालच्या एका चित्रात बाळ येशूच्या हातात तशी पुरचुंडी दिसते. आजच्यासारखी रबरी टोक, मागे चकती आणि धरायला कडी असलेली चोखणी १९०० च्या सुमारास अमेरिकेत आली. आपल्याकडे ती पूर्वी घरोघरी नव्हती. आता ती बाळंतविड्याच्या तयार पेटीत असते, आखातातून किंवा इंग्लंडहून येणाऱ्या नातलगांच्या सामानात असते, आणि ‘बाळ रडले की तोंडात द्यायची वस्तू’ एवढीच तिची ओळख असते.

याविषयी दोन अधिकृत सल्ले परस्परविरोधी वाटावेत असे आहेत. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ मध्ये स्तनपानाच्या यशासाठी दहा पायऱ्या सांगितल्या. त्यांतील नववी पायरी अंगावर पिणाऱ्या बाळाला कृत्रिम बोंडी वा चोखणी देऊ नये, अशी होती. २०१८ च्या सुधारणेत ती बदलून, बाटली, बोंडी व चोखणी यांचा वापर आणि त्यातील धोके आईला समजावून सांगावेत, असे शब्द आले. दुसरीकडे अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना २००५ पासून झोपताना चोखणी देण्याचा सल्ला देते, कारण चोखणी घेऊन झोपणाऱ्या अर्भकांत झोपेतील आकस्मिक मृत्यूचे प्रमाण कमी आढळते. मात्र तिचीही अट आहेच : अंगावरचे दूध आधी नीट सुरू झालेले असावे. त्याला साधारण तीन-चार आठवडे लागतात. आईच्या स्तनाला तोंड लावण्याची रीत आणि रबरी बोंडी चोखण्याची रीत एक नाही. आणखी एक धोका असा की, बाळ चोखणीवर समाधान मानते, अंगावर कमी वेळा घेतले जाते आणि मागणी घटली की दूधही घटते. पहिल्या महिन्यात ज्या बाळाचे वजन हवे तसे वाढत नाही, त्याच्या तोंडात चोखणी असेल तर आधी ती बाजूला ठेवावी आणि त्याला छातीशी घ्यावे.

पहिल्या सहा महिन्यांनंतर चोखणीचे पारडे हलके होत जाते. फिनलंडमधील बाळ-तपासणी केंद्रांत पालकांना चोखणीचा वापर झोपेपुरताच ठेवायला सांगितले, तेव्हा तेथील मुलांत मधल्या कानाच्या संसर्गाचे प्रमाण इतर केंद्रांपेक्षा २९ टक्के कमी आढळले. वारंवार कान दुखणाऱ्या, पू येणाऱ्या मुलांच्या पालकांनी ही आकडेवारी जरूर लक्षात घ्यावी. चोखणीमुळे दातांवर होणारे परिणाम अंगठ्यासारखेच असतात. पुढची फट आणि वरच्या दाढा आत बसण्याचा दोष तिच्यातही दिसतो. दातांना सुरक्षित म्हणून विकल्या जाणाऱ्या विशेष आकारांच्या चोखण्यांवर त्या बाबतीत फार भिस्त ठेवू नये. तरी अंगठ्याच्या तुलनेत चोखणीला एक मोठा फायदा आहे : ती एके दिवशी घरातून नाहीशी करता येते. म्हणून दुसऱ्या वर्षात ती झोपेपुरती मर्यादित करून तिसरे वर्ष संपण्याआधी बंद करावी. सवय मोडण्यासाठी तिचे टोक कापून देऊ नये. तुकडा सुटून घशात अडकतो.

वापर करायचाच असेल तर काही गोष्टी टाळल्याच पाहिजेत. चोखणी दोऱ्यात किंवा फितीत ओवून बाळाच्या गळ्यात घालू नये. गळफास बसण्याचा धोका खरा आहे. चकती बाळाच्या तोंडापेक्षा मोठी व भोके असलेली असावी, म्हणजे चुकून आत ओढली गेली तरी श्वास अडणार नाही. चिरलेली, चिकट झालेली चोखणी टाकून द्यावी. जमिनीवर पडलेली चोखणी पदराला पुसून किंवा स्वतःच्या तोंडात घालून ‘स्वच्छ’ करण्याची पद्धत सर्रास दिसते. मोठ्यांच्या लाळेतून दात किडवणारे जंतू बाळाच्या तोंडात जातात. चोखणी साखरेत बुडवली तर दुधाचे दात येताच किडू लागतात. मधाच्या बाबतीत तर कोणतीही सवलत नाही. बाळाला मध चाटवण्याची रीत आपल्याकडे जुनी आणि मायेची आहे, पण मधात असू शकणारे बोट्युलिझमचे बीजाणू एक वर्षाखालील बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात, आणि त्याने बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. चोखणीवर लावलेला थेंबभर मधही त्यात आला.

आता मिरची आणि किरायत्याकडे वळावे लागेल. कडुनिंबाचा रस, कोरफड, किरायते, औषधाच्या दुकानातला नखांना लावायचा कडू द्रव, असे अनेक उपाय सांगितले जातात. मिरचीचा हात डोळ्यांत जातो, एवढ्याच कारणाने ती बाद ठरते. कडू द्रव काही मुलांना उपयोगी पडतो, पण केवळ त्या मुलांना, ज्यांना सवय सोडायची आहे आणि आठवण हवी आहे. ज्याला सोडायचीच नाही, ते मूल कडू चव चाटून संपवते आणि पुन्हा चोखते; आपल्या विश्रांतीच्या जागी मोठ्यांनी शिक्षा आणून ठेवली, एवढाच बोध त्याला होतो.

चार-पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत आधी आठवडाभर फक्त पाहावे. अंगठा केव्हा तोंडात जातो : टीव्हीसमोर, गाडीत, झोप आली असता, की शेजारच्या मुलांशी भांडण झाल्यावर? कंटाळ्याच्या वेळी हाताला काम द्यावे. मळलेल्या कणकेचा गोळा किंवा मणी ओवण्याचा खेळ पुरतो. भीतीच्या वेळी अंगठ्याविषयी बोलूच नये, भीतीविषयी बोलावे. मग मुलाला आरशात त्याचे दात दाखवून, पुढे काय होईल ते साध्या शब्दांत सांगावे आणि त्याचा होकार घ्यावा. भिंतीवरच्या कालनिर्णयवर अंगठा न चोखलेल्या रात्रीसाठी एक चांदणी काढावी. सलग काही चांदण्या झाल्या की मुलाच्या आवडीची एखादी गोष्ट करावी. चांदणी हुकली तर काही बोलू नये. रात्रीसाठी अंगठ्याला कापडी पट्टी किंवा हातात सैल मोजा घालता येतो, मात्र ती आठवण आहे, बेडी नाही, हे मुलाला कळले पाहिजे. घरात नवे भावंड आले असेल, शाळा नुकतीच सुरू झाली असेल किंवा घर बदलले असेल, तर हा प्रयत्न दोन महिने पुढे ढकलावा. आणि सर्वांत अवघड काम म्हणजे आजी-आजोबा, काका-काकू, सांभाळणाऱ्या बाई या सगळ्यांनी एकच भाषा बोलणे. एकाने चांदणी द्यायची आणि दुसऱ्याने पाहुण्यांसमोर चिडवायचे, असे झाले की महिनाभराचे श्रम वाया जातात.

सवय सुटलेली असताना मूल अचानक पुन्हा अंगठा चोखू लागले, त्यासोबत गप्प राहू लागले, केस उपटू लागले किंवा अंथरूण ओले करू लागले, तर प्रश्न दातांचा राहत नाही. अशा वेळी शाळेत किंवा घरात काय घडले आहे, याचा शोध घ्यावा आणि बालरोगतज्ज्ञांना भेटावे.

कायमचे दात येऊ लागले तरी प्रयत्नांना यश येत नसेल तर बालदंतरोगतज्ज्ञ टाळूशी बसणारी तारेची जाळी लावतात. गोव्यात बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात लहान मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे. ही जाळी टोचत नाही. अंगठा टाळूला टेकू देत नाही, त्यामुळे चोखण्यातले सुख जाते. पहिले काही दिवस बोलताना आणि खाताना अडखळायला होते. सवय थांबल्यावरही ती आणखी काही महिने तोंडात ठेवतात, कारण दात जागेवर येण्याआधी काढली तर अंगठा परत येतो. जाळी बसवण्यापूर्वी चांगला दंतवैद्य आईवडिलांशी बोलतो, तसा मुलाशीही बोलतो. मुलाची तयारी नसेल, तर तो त्याला एक महिन्याची मुदत देऊन घरी पाठवतो, आणि काही मुले त्या महिन्यातच अंगठा सोडून परत येतात.